‘मामा गाडीवर येला’

वऱ्हाडातल्या पातूरच्या कुठल्याही ओट्यावर ऐकू येईल असा हा संवाद. तीन वर्षांचं पोरगं सांगतं, ‘‘मामा येला!’’ आजी म्हणते, ‘‘येला नाही रे बावा, आला म्हन.’’ पोरगं मान डोलावतं, ‘‘हव, आला. मामा गाडीवर येला.’’

हे ‘येला’ त्यानं उचललं कुठून? घरात तर कोणीच तसं बोलत नाही. बसला, पडला, उठला हे ऐकता ऐकता ‘ला’ लावायचा नियम त्यानं स्वतःच हुडकला आणि ‘येणे’लाही लावून टाकला. नुसती नक्कल केली असती तर ही चूक झालीच नसती. अमेरिकेत जीन बर्को यांनी १९५८ मध्ये लहान मुलांना मनानं रचलेले शब्द दिले, तर कधीही न ऐकलेल्या त्या शब्दांची अनेकवचनंही बहुतेक मुलांनी केली. म्हणून आजीनं टोकल्यानं ‘येला’ जात नाही. ‘आला’ शेकडो वेळा कानावर पडला की ते आपोआप गळतं.

कान तर त्याच्याही आधी तयार होतात. इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ऐकू येतात, पण वर्षाची होईस्तोवर ती जाण बरीच ओसरते, असं जेनेट वर्कर यांना कॅनडात आढळलं. पातूरचं बाळ रोज ‘ताट’ ऐकतं. त्याचा हा फरक पक्का होतो. ‘डोया’ आणि ‘पानी’ही त्याच वयात कानात बसतात.

मात्र बोलणारं माणूस समोर हवं. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकी बाळं चिनी ध्वनी शिकली ती समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून. तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, तेव्हा काहीच शिकली नाहीत. बाळाच्या हाती मोबाइल देणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

सहाव्या वर्षी हेच पोरगं पहिलीत जातं तेव्हा त्याच्यापाशी पुरी भाषा असते: मले, माया, करून रायलो. पुस्तकात जिथं ‘मला, तुला’ तिथं त्याच्याकडे ‘मले, तुले’, आणि तेही तितक्याच नेमानं. ‘येला’ वयासोबत सुटतं. ‘मले’ म्हातारपणीही सुटत नाही, कारण ती चूकच नव्हती. त्यावर लाल रेघ मारणं मला मुळीच पटत नाही. ‘‘घरी आपण डोया म्हणतो, पुस्तकात डोळा लिहितात,’’ एवढं बाईंनी सांगितलं की पोरं दोन्ही सांभाळतात. घरी उर्दू अन् गल्लीत वऱ्हाडी बोलणारी पोरं पातुरात हे शाळेआधीच करून दाखवतात.