हिंगोलीची छावणी

औंढ्याच्या नागनाथाचे दर्शन घेऊन नर्सीला नामदेवरायांच्या जन्मस्थानी जाणारा यात्रेकरू हिंगोली शहरातून जातो तो बहुधा थांबत नाही. कयाधूच्या काठचे हे एक सामान्य जिल्ह्याचे ठिकाण, कचेऱ्या, बाजार आणि बसस्थानक यांपलीकडे येथे पाहण्यासारखे काय असणार, अशी त्याची समजूत असते. परंतु रिसाला बाजार, तोफखाना, पलटण, सदर बाजार, पेन्शनपुरा या वस्त्यांतून जो मनुष्य सावकाशीने पायी हिंडेल, त्याच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही की घोडदळ, तोफा, पायदळ, व्यापारी आणि निवृत्त शिपाई या क्रमाने मांडलेल्या एका लष्करी तळाच्या नकाशावरूनच आपण चाललो आहोत. सैन्य जाऊन शंभरांहून अधिक वर्षे लोटली. नकाशा तेवढा राहिला. हिंगोली हे शहर छावणीने घडविले, आणि ती छावणी ज्या फौजेची होती ती हैदराबाद कंटिन्जंट ही फौज एका तहातील कलमाचा आधार घेऊन, दुसऱ्याच्या पैशावर, जवळजवळ शंभर वर्षे उभी राहिली. मराठवाड्याच्या इतिहासाचा हा भाग देवळे आणि संत यांच्या प्रभेत काहीसा झाकोळून गेला आहे.

1800 साली निजामाने कंपनी सरकारशी जो तह केला त्यात युद्धप्रसंगी सहा हजार पायदळ आणि नऊ हजार स्वार मदतीस देण्याची अट होती. 1803 मध्ये असईच्या रणांगणावर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांशी झुंज घेतली, त्या मोहिमेत निजामाची ही फौज कुचकामी आहे अशी तक्रार इंग्रजांनी सुरू केली, आणि ती सुधारण्याच्या निमित्ताने तिची सूत्रे हळूहळू रेसिडेंटाच्या हाती गेली. 1811 ते 1820 या काळात हैदराबादेस रेसिडेंट असलेल्या हेन्री रसेल याने आपल्याच नावाची ब्रिगेड उभारली, आणि तीच पुढे हैदराबाद कंटिन्जंट झाली. शिपाई निजामाचे, अधिकारी इंग्रज, आणि पगार दरबाराच्या खजिन्यातून अशी ती व्यवस्था होती. या फौजेचे पराक्रम म्हणून ज्यांची नोंद झाली त्यांत एक घटना याच मुलखातली आहे. नांदेडच्या उत्तरेस नव्हा येथील गढीतून हटकरांचा सरदार नौसाजी नाईक याने निजामाच्या अंमलाला आव्हान दिले होते. 1819 च्या जानेवारीत मेजर पिटमनच्या हाताखालील सैन्याने वेढा घालून ती गढी घेतली, आणि पुढे पलटणींच्या निशाणावर महिदपूरच्या लढाईच्या शेजारी नव्ह्याचेही नाव चढले. ज्यांची गढी पडली त्यांचे नाव कोणत्याही निशाणावर चढले नाही, ही गोष्ट मला येथे मुद्दाम नमूद करावीशी वाटते. नौसाजीच्या लढ्याचे पुरेसे स्मरण या प्रदेशाने अद्याप केलेले नाही.

फौज उभी झाली, पण तिचा खर्च? पेशकार चंदुलाल याने पामर आणि कंपनी या पेढीकडून जबर व्याजाने कर्ज काढून शिपायांचे पगार भागविले. ती पेढी बुडाली तरी खर्चाचा ओघ थांबला नाही, कारण फौजेवर दरसाल सुमारे चाळीस लाख रुपये लागत आणि त्यातली एक पैही कमी करणे निजामाच्या हाती नव्हते. शेवटी थकबाकीचा डोंगर झाला आणि 1853 च्या मे महिन्यात तह करून वऱ्हाडचा सुपीक मुलूख कंपनीच्या ताब्यात द्यावा लागला, त्याच्या वसुलातून पाच हजार पायदळ, दोन हजार स्वार आणि चार तोफखाने यांचा निर्वाह चालावा म्हणून. पैनगंगेच्या अलीकडे हिंगोलीत जो शिपाई कवायत करी, त्याचा पगार पैनगंगेच्या पलीकडच्या वऱ्हाडी कुणब्याच्या काळ्या मातीतून येत असे. या एका वाक्यात, माझ्या मते, एकोणिसाव्या शतकातील दख्खनच्या अर्थकारणाचा बराचसा मर्मभाग आला.

छावणीतील जीवन मात्र त्या हिशेबांच्या पलीकडचे, मोठे गजबजलेले होते. रिसाल्याची रचना शिलेदारी पद्धतीची. म्हणजे घोडा सरकारचा नसून स्वाराचा, किंवा ज्याच्या नावे असामी असे त्याचा. असामी ही वतनासारखी मोलाची वस्तू होती. ती विकत घेता येई, वारशाने येई, आणि एकेका शिलेदाराच्या नावे अनेक असाम्या असल्या की तो बाकीच्या घोड्यांवर पगारी बारगीर बसवी. घोडा मेला तर तोटा मालकाचा, म्हणून दाणावैरण, नाल, खोगीर यांवर स्वाराची नजर एखाद्या गृहस्थाची आपल्या शेतीवर असावी तशी असे. या पद्धतीमुळे रिसाल्यात येणारा मनुष्य एकटा येत नसे. त्याच्यामागून सईस येई, गवत कापणारा येई, नालबंद, जीनगर आणि शिंपी येई, आणि त्यांची बिऱ्हाडे येत. उत्तर हिंदुस्थानातले परदेशी आणि रजपूत, दख्खनी मुसलमान, शीख, या मुलखातले मराठे असे नाना जातींचे, नाना बोलींचे लोक एका कवायतीच्या मैदानाभोवती राहू लागले. नोकरीची मुदत संपल्यावर त्यांतील पुष्कळजण गावी परतलेच नाहीत. हिंगोलीच्या बोलण्यात मराठी आणि दख्खनी उर्दू यांचा जो सहज मेळ आढळतो त्यात या बिऱ्हाडांचाही वाटा असला पाहिजे.

आणि बाजार! ज्या ठिकाणी दरमहा रोख पगार वाटला जातो तेथे व्यापारी येणारच, पण व्यापाऱ्याच्या वेषात आणखी कोण कोण येत असे त्याची एक विलक्षण हकिगत फिलिप मेडोज टेलर याने लिहून ठेवली आहे. टेलर हा निजामाच्या फौजेतील अधिकारी, पुढे सुरापूर आणि नळदुर्ग येथे कारभार केलेला, तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर ‘तारा’ ही कादंबरी लिहिणारा गृहस्थ. 1839 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ठगावरील आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत तो सांगतो की हिंगोलीच्या छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता, ज्याच्याशी खुद्द टेलरनेही देवघेव केली होती. मुंबईहून कापड आणावयाचे आहे असे सांगून या हरिसिंगाने जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून परवाना मिळविला. ते कापड वस्तुतः दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते आणि त्याच्यासह वाटेवर होते. हरिसिंगाने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना ठार केले, सरकारी परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीच्या बाजारात राजरोस विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतः कबुली दिली म्हणून ही गोष्ट उघडकीस आली. त्याच्या टोळीने खुद्द बाजारात, मुख्य पहाऱ्याच्या चौकीपासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली होती. ती थडगी उकरली जात असता टेलर तेथे उभा होता. दिवसा ज्याच्या दुकानी बसून कापडाचा भाव करावा त्याचे दुसरे रूप असे जमिनीतून वर आलेले पाहिल्यावर त्या तरुण अधिकाऱ्याने ठगांवर कादंबरी लिहिली, यात नवल नाही.

लष्कर आणि बाजार यांचे हे नाते हिंगोलीपुरते नाही. फिलिपाइन्समध्ये 1571 साली स्पॅनिश लोकांनी मनिला आपली राजधानी केली आणि इंट्रामुरोस नावाची तटबंदीची नगरी उभारली. तटाच्या आत शासक, सैनिक आणि पाद्री राहत, तर ज्यांच्या व्यापारावर ती नगरी जगत होती त्या चिनी व्यापाऱ्यांना तटाबाहेर, तोफांच्या माऱ्यात येईल अशा बेताने, पारियान नावाच्या पेठेत वसविले होते. 1762 मध्ये मद्रासहून निघालेल्या इंग्रजी आरमाराने हे मनिला जिंकले. त्यात हिंदी शिपाई होते. 1764 साली इंग्रज परत गेले, पण काही शिपाई मागे राहिले, मनिलाच्या पूर्वेस काइंटा या गावी त्यांनी तेथल्या स्त्रियांशी संसार थाटले, आणि त्यांचे वंशज आजही त्या गावात आहेत. इंट्रामुरोसची बहुतेक सारी वास्तू 1945 च्या लढाईत जमीनदोस्त झाली, सेंट ऑगस्टीनचे चर्च तेवढे उभे राहिले. फिलिपिनो लोकांनी मात्र उरलेले तट आणि दरवाजे कष्टाने जपले, त्यांचा जीर्णोद्धार केला, आपल्या पारतंत्र्याच्या इमारतीलाही आपल्या इतिहासात स्थान दिले. काइंटातले शिपाई आणि पेन्शनपुऱ्यातले शिपाई यांच्यात समुद्र आहे, नियती एकच आहे. आपल्याकडे ती जपणूक का होऊ नये? छावणीचा नकाशा, जुन्या कबरी, पलटणींची दप्तरे यांची नोंद करण्याचे काम एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने अंगावर घेतले तर ते चार-दोन वर्षांत सहज होण्यासारखे आहे, आणि वृद्धांच्या आठवणी आहेत तोवरच ते झाले पाहिजे.

पुन्हा हिंगोलीच्या फौजेकडे वळायचे तर, 1858 साली इंग्रज सेनापती सर ह्यू रोजच्या मध्य हिंदुस्थानातील सैन्यात हैदराबाद कंटिन्जंटच्या तुकड्या होत्या. झाशीच्या वेढ्यात राणी लक्ष्मीबाईंच्या विरुद्ध बाजूला दख्खनचे हे शिपाई उभे होते, हे सत्य कडवट असले तरी लपविण्यासारखे नाही. पुढे वऱ्हाड परत मिळविण्यासाठी निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी आयुष्य वेचले, पण ते साधले नाही. 1902 च्या नोव्हेंबरात लॉर्ड कर्झन आणि निजाम महबूब अली खान यांच्यात करार होऊन वऱ्हाड दरसाल 25 लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने गेले, आणि 1903 साली कंटिन्जंट हिंदुस्थानी लष्करात विलीन झाला. हिंगोलीची छावणी उठली. तिच्या रिसाल्यांचा वंश ‘डेक्कन हॉर्स’ या नावाने चालू राहिला. 1916 च्या जुलैत फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर त्यांनी भाले रोखून चढाई केली, आणि स्वतंत्र भारतात 1965 साली असल उत्तर येथे त्याच नावाच्या पलटणीचे रणगाडे लढले.

छावणी उठल्यावर गाव ओस पडेल अशी भीती त्या वेळच्या दुकानदारांना वाटली असल्यास ती खोटी ठरली. 1912 मध्ये पूर्णेहून लोहमार्ग आला, कापसाची मोठी उलाढाल सुरू झाली, आणि शिपायाच्या पगारावर जगणारा बाजार शेतकऱ्याच्या मालावर जगू लागला. खाकीबाबा मठाच्या पुढाकाराने छावणीच्या काळातच सुरू झालेला दसरा आजही रामलीला मैदानावर भरतो, प्रदर्शन लागते, रावण जळतो, आणि पंचक्रोशीतून माणसे लोटतात. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. आता कापसाच्या बरोबरीने हळदीचे लिलाव होतात, वसमत, कळमनुरी, सेनगावच्या आणि विदर्भातल्या शेजारच्या गाड्या पिवळी पोती घेऊन संत नामदेवांच्या नावाच्या बाजार आवारात रांगेने उभ्या राहतात.