योगशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास आणि खानदेश

पदवी : पिंप्राळ्याच्या विद्यार्थ्याला जळगावातच, मूळजी जेठा महाविद्यालयाच्या सोहम योग व निसर्गोपचार विभागात योगशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेता येते, प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेत योग हा विषय २०१७ पासून आहे.

संशोधन : खानदेशातील अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर, ही तत्त्वज्ञानाची संशोधन संस्था, १९१६ ची; त्याच गावी अध्यापन केलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले आणि नौली, म्हणजे पोटाचे स्नायू फिरवण्याच्या क्रियेत, मोठ्या आतड्यात निर्माण होणारा ऋणदाब मोजून दाखवला.

ग्रंथ : मनाचे व्यापार थांबवणे हे ध्येय मानणाऱ्या पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाला जेमतेम तीन सूत्रे मिळतात, तर पंधराव्या शतकातील हठप्रदीपिका पंधरा आसने सांगून प्राणायाम, मुद्रा व नादानुसंधान, म्हणजे आंतरिक ध्वनीवरील एकाग्रता, यांकडे वळते.