बोर्डावरची बाई

प्राध्यापक होण्यापूर्वी मी दोन वर्षे टेलिफोन उचलण्याची नोकरी करीत होते, असे मी एकदा वर्गात बोलून गेले. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "म्हणजे कॉल सेंटरला का, मॅडम?" मी म्हटले, "नाही रे, बोर्डावर." त्याबरोबर सारा वर्ग माझ्या पाठीमागच्या फळ्याकडे पाहू लागला!

चूक मुलांची नव्हती. 'बोर्डावर बसणे' हा शब्दप्रयोगच आता कोशात जाऊन बसला आहे. सावरकरांनी टेलिफोनला 'दूरध्वनी' असा देखणा शब्द दिला. पण कचेरीत कोणी "ती दूरध्वनीवर बसते" असे म्हटल्याचे मला आठवत नाही. ती बोर्डावरच बसायची. साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांचा आवाज तिच्या हातून जायचा आणि तिचा चेहरा मात्र बाहेरच्या कोणाला ठाऊक नसायचा.

त्याचे असे झाले. २००१ साली मी मराठी घेऊन एम. ए. झाले. वर्ग चांगला मिळाला, पण नोकरी मिळेना. अर्ज करून करून पोस्टाच्या खिडकीवरचा माणूस ओळखीचा झाला. शेवटी मामांच्या ओळखीने चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्वागतिकेची जागा मिळाली. तिथल्या जुन्या बाई महिन्याभराने निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांच्या शेजारी स्टूल टाकून मी शिकायचे, असे ठरले. त्यांना सगळा कारखाना नुसते 'बाई' म्हणे. म्हणून मीही बाईच म्हणेन.

पहिल्या दिवशी बाईंनी मला फोनला हातच लावू दिला नाही. म्हणाल्या, "आधी ऐक. समोरचा माणूस 'हॅलो' कसा म्हणतो, त्यावरून तो देणेकरी आहे की घेणेकरी, हे कळायला पाहिजे." दुसरा धडा असा : "'कोण बोलतंय?' असं आधी विचारून मग 'साहेब नाहीत' म्हणायचं नाही. त्याला वाटतं, माझं नाव ऐकून साहेब नाहीसे झाले! आधी 'साहेब जागेवर नाहीत' म्हणावं, मग 'कोणाचा निरोप देऊ?' विचारावं." व्याकरणाची एम. ए.पर्यंतची पुस्तके वाचूनही वाक्यांच्या क्रमात एवढे सामर्थ्य असते, हे मला कोणी शिकवले नव्हते.

मुलांची जागा मुलींनी घेतली

या कामाचा इतिहासही मजेदार आहे. १८७८ च्या जानेवारीत अमेरिकेत न्यू हेवन येथे व्यापारी तत्त्वावरचे पहिले टेलिफोन एक्सचेंज सुरू झाले. आरंभी या कामावर तारखात्यातली पोरे ठेवीत. पण ती पोरे गिऱ्हाइकांशी थट्टामस्करी करीत, वेळी शिव्याही देत. म्हणून त्याच वर्षी, १ सप्टेंबर १८७८ ला, बोस्टनमध्ये एमा नट या तरुणीला नेमण्यात आले. ती जगातली पहिली स्त्री ऑपरेटर समजली जाते. आपल्याकडे १८८२ च्या जानेवारीत मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे एक्सचेंजे उघडली.

ऑपरेटरवाचून फोन लावणारे यंत्र काढले, ते मात्र प्रेतांच्या अंत्यविधीचा धंदा करणाऱ्या एका गृहस्थाने. त्याचे नाव ऑल्मन स्ट्राउजर, गाव कॅन्सस सिटी. त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको एक्सचेंजात होती आणि त्याची गिऱ्हाइके ती नवऱ्याकडे वळवी, असा त्याला संशय होता, अशी कथा सांगतात. खरेखोटे देव जाणे. पण १८९१ साली त्याला पेटंट मिळाले, हे खरे. बाई ही कथा ऐकून खूप हसल्या. म्हणाल्या, "बघ, बोर्डावरच्या बाईच्या मनात आलं तर माणसाचं मढंसुद्धा दुसरीकडे जातं!"

बाईंनी स्वतः नोकरी धरली, ती १९७० मध्ये, दोऱ्यांच्या बोर्डावर. बाहेरून फोन आला की बोर्डावरची बारीक पाटी खाली पडे. मग दोरीचे एक टोक इकडे खुपसायचे, दुसरे तिकडे. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहायची. लखनौ ते कानपूर अशी पहिली एस. टी. डी. १९६० च्या नोव्हेंबरात सुरू झाली होती. पण ती सुविधा सगळीकडे पोहोचायला बरीच वर्षे गेली. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, तिने १२८ लाइनींचे छोटे इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज देशातच तयार केले आणि मग कचेऱ्याकचेऱ्यांतून दोऱ्या जाऊन भिंतीवर पेट्या आल्या.

पेटीतली वर्णव्यवस्था

आमची पेटी बाहेरच्या आठ आणि आतल्या चौसष्ट लाइनींची होती. बाहेरची लाइन घ्यायची तर शून्य, बोर्डाला बोलवायचे तर नऊ. जाहीर नंबर एकच. तो गुंतलेला असला की फोन आपोआप दुसऱ्या, तिसऱ्या लाइनीवर सरके. आलेला फोन आत द्यायचा तर टॅपची कळ दाबायची. तिने लाइन क्षणभर तुटते. तेवढ्या खुणेवरून पेटी ओळखते की, हे बोलणे थांबवून ठेवायचे आहे. त्याऐवजी फोनचा खटका बोटाने जरा जास्त वेळ दाबून धरला की माणूस कायमचाच तुटतो. पहिल्या आठवड्यात मी असे किती जण तोडले, त्याची गणती नाही.

पेटीला शिकवायचे कामही आमच्याचकडे होते. खास फोनवरून आधी परवलीचा आकडा दाबायचा, मग हुकमाचा आकडा, मग लाइनीचा. प्रत्येक कळीतून दोन सूर एकदम निघतात; पाचाच्या कळीचे सूर सेकंदाला ७७० आणि १३३६ कंपनांचे. त्या जोडीवरून पेटीला आकडा कळतो. हुकूम पटला तर ती एक लांब सूर काढी, न पटला तर टूंटूंटूं करून नापसंती दाखवी. कागदावर काही उमटत नसे. म्हणून बाईंनी एक शंभर पानी वही ठेवली होती. कोणाला कोणता आकडा, कोणाचा फोन कोणी उचलावा, कोणाचा किती वेळ वाजून बोर्डावर परत यावा, सारे तिच्यात.

या वहीत कारखान्याची वर्णव्यवस्था होती! पहिल्या वर्गाच्या फोनवरून परदेशीही लागे. दुसऱ्याच्या फक्त देशात. तिसऱ्याच्या फक्त गावात. चौथ्याला शून्य फिरवले तरी बाहेरचे जग नाही. एखाद्याला बढती मिळाली की पगारपत्रकाआधी तो माझ्याकडे येई, "मॅडम, आमची एस. टी. डी. उघडली का?" एकाची बदली झाली आणि मी हुकुमाप्रमाणे त्याची एस. टी. डी. बंद केली, तर ते वयस्क गृहस्थ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

बाईंची एक सवय मला चमत्कारिक वाटे. संध्याकाळी साडेपाचला त्या पेटीला रात्रीचा हुकूम देत. तो दिला की बाहेरचे सगळे फोन बोर्डाऐवजी फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे वाजत. मग त्या पर्स उचलत आणि बसथांब्याजवळच्या पानाच्या दुकानात लाल डब्याच्या फोनमध्ये एक रुपया टाकून दोन शब्द बोलत. मला वाटे, घरी भाजीचे विचारीत असतील. मी विचारले नाही. त्या निवृत्त झाल्या. जाताना वही माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "आतून वाजतं ते खरं नव्हे हो." हे वाक्यही मला निरोपाच्या दिवशीचे तत्त्वज्ञान वाटले.

ती रात्र

२००२ चा पावसाळा होता. कारखान्याचे फाटक मागच्या बाजूने पुढे आणले. जुन्या चौकीत २१ नंबर होता. नव्या चौकीला मी ४५ दिला. सगळ्या खात्यांना चिठ्ठी फिरवली, वहीत लिहिले, बोर्डावरून ४५ फिरवला. पहारेकऱ्याने "जी मॅडम" म्हटले. मी समाधानाने रात्रीचा हुकूम दिला आणि घरी गेले.

सकाळी साडेआठला बोर्ड सुरू करते न करते तोच फोन आला. जुन्नरकडच्या गावाहून एक माणूस बोलत होता. आवाज घोगरा झाला होता. "ताई, रातीपासून लावतोय. वाजतंय, पण कोणी उचलत नाही. माझा भाऊ तुमच्याकडं तिसऱ्या पाळीला आहे. आई गेली पहाटं. रातभर त्याचंच नाव घेत होती."

माझ्या हातापायांतले बळ गेले. तिसरी पाळी सातलाच सुटली होती. ते गृहस्थ टर्नर होते, एका खोलीत भाड्याने राहत. त्या दिवसांत मोबाईलवर येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. पाळीतल्या कामगाराच्या खिशात तो कुठून असणार? मी स्कूटरवरून माणूस पाठवला. ते अंत्यविधीला पोहोचले, भेटीला नाही.

मग मी पेटी तपासली. रात्रीच्या हुकमात २१ च होता. मी चौकीला नवा नंबर दिला, पण रात्रीचे फोन कुठे जायचे हे बदललेच नव्हते. रात्रभर तो फोन कुलूपबंद जुन्या चौकीत, रिकाम्या खुर्चीसमोर वाजत राहिला होता.

आमचे वरिष्ठ म्हणाले, "लाइन खराब होती म्हणून सांगा. पावसाळा आहे, कोणीही मानेल." खरेच, कोणीही मानले असते. पंधरा दिवसांनी ते टर्नर कामावर आले, डोके भादरलेले. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या खात्यात गेले आणि म्हटले, "भाऊ, लाइन खराब नव्हती. चूक माझी होती." आणि सगळे सांगितले.

ते बराच वेळ हातातल्या चिंधीने बोटे पुसत राहिले. रागावले असते तर मला सोपे गेले असते. शेवटी एवढेच म्हणाले, "आता वाजतो का, ताई?"

मी "हो" म्हणणार होते. पण मला लाल डबा आठवला, बाईंचा रुपया आठवला आणि ते वाक्य आठवले. त्या भाजीचे विचारीत नव्हत्या. फाटकावरचा पहारेकरी फोन उचलतो का, ते रोज संध्याकाळी बाहेरून, परक्या माणसासारखे, पदरचा रुपया घालून पाहत होत्या. मी म्हटले, "संध्याकाळी सांगते." त्या दिवशी साडेपाचला मी पानाच्या दुकानात उभी राहिले. दोनदा वाजला, तिसऱ्याला उचलला. पलीकडे पहारेकरी नव्हता. दुसऱ्या पाळीला आलेले ते टर्नर स्वतः चौकीत येऊन उभे होते. "वाजतो, ताई," म्हणाले आणि ठेवला.

पुढे दोन वर्षे भरेपर्यंत मी तो रुपया चुकवला नाही. मग महाविद्यालयात जागा मिळाली आणि टॅपच्या कळीऐवजी खडू हातात आला.

आमच्या महाविद्यालयात अलीकडेच नवी यंत्रणा बसली. आता बाईऐवजी ध्वनिमुद्रित आवाज स्वागत करतो. प्रवेशासाठी एक, परीक्षेसाठी दोन. बसवणाऱ्या मुलाने कचेरीतून सगळे फोन वाजवून दाखवले. त्यावर सगळे खूश झाले. मी उठून फाटकाबाहेर रस्त्यावर गेले आणि मोबाईलवरून जाहीर नंबर लावला. दोन दाबले. परीक्षा विभागाचा फोन वाजत राहिला. सात, आठ, नऊ वेळा. मी परत येऊन म्हटले, "जरा पुन्हा बघता का?"

मुलगा हसला. म्हणाला, "मॅडम, आतून तर वाजतोय."