मतकरींचं शेवटचं दशक

१७ मे आला की वर्तमानपत्रांत रत्नाकर मतकरींवर चार ओळी येतात. गूढकथा, ‘आरण्यक’, ‘लोककथा ७८’, बँकेतली नोकरी. २०२० च्या टाळेबंदीत ते करोनानं गेले, तेव्हाही तेच छापून आलं. बालनाट्याला उरलीसुरली जागा.

सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केलं, त्यासाठी ‘मधुमंजिरी’ लिहिलं ते मतकरींनी. १९६२ पासून त्यांची स्वतःची ‘बालनाट्य’ संस्था होती. ‘अलबत्या गलबत्या’मधली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण ज्यांनी पाहिली, ते आजोबा झाले तरी तिची नक्कल करतात. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मात्र २०१८ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर. हा उशीर अक्षम्य आहे.

मला जवळचं आहे ते त्यांचं शेवटचं दशक. २०१४ मध्ये ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेला सोबत घेऊन त्यांनी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. पंचाहत्तरी उलटलेला नाटककार वस्तीतल्या पोरांपुढे बसायचा आणि नाटिका त्यांनाच रचायला सांगायचा. नळावरची भांडणं, बापाची दारू, शाळा सुटलेली बहीण, सगळं मंचावर यायचं. भारी नेपथ्य नाही, पाठ केलेली भाषा नाही. हे समाजकार्य झालं, नाटक नव्हे, असं नाक मुरडणारे तेव्हा भेटत. त्यांनी ती पोरं पाहिलीच नव्हती. मुलाच्या तोंडी त्याचं स्वतःचं वाक्य येणं, यापेक्षा नाटक वेगळं काय असतं?

त्याच काळात आमच्या दिघ्यात न्यायालयाच्या आदेशानं अनधिकृत इमारतींवर हातोडा पडत होता. घर रिकामं होताना पाहिलेल्या मुलांकडे सांगण्यासारखं केवढं होतं! सांगायला रंगमंच नव्हता. ठाणं इतकं जवळ, तरी ती लाट खाडीकाठानं इकडे आली नाही, याचं दुःख अजून जात नाही.

२०१८ मध्ये ‘अलबत्या गलबत्या’ नव्यानं आलं, वैभव मांगले चेटकीण झाले, प्रयोग तुडुंब चालले. आनंदच आहे. पण एमआयडीसीत रोजंदारीवर जाणाऱ्या बाईनं दोन मुलांची तिकिटं काढून वाशीचं भावे नाट्यगृह कधी गाठायचं?

दिघ्यातल्या मंडळांना माझी विनंती आहे. गणपतीचा मांडव दहा दिवस उभा असतो. यंदा त्यातली एक संध्याकाळ वस्तीतल्या मुलांना द्या, आणि नाटक त्यांनाच रचू द्या.