आधी ऊब, मग दूध

नाशिकच्या गल्ल्यांतल्या बहुतेक कुत्र्या दिवाळी ते संक्रांत या काळात वितात. पावसाळा सरता सरता त्या गाभण राहतात, दोन महिन्यांनी पिल्लं होतात आणि ती नेमकी थंडीच्या तोंडी सापडतात. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर आल्याची बातमी येते. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडतात. त्याच पहाटे शहरात जिन्याखाली, बांधकामावरच्या वाळूच्या ढिगात, बंद पडलेल्या रिक्षाखाली पाव-पाव किलोची पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून पडलेली असतात. इंदिरानगरच्या आमच्या गल्लीत दर हिवाळ्यात एक तरी वेत होतं, आणि ते जगवण्याचं काम आम्ही चार घरं मिळून करतो.

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही. थंडी वाजली तर कुडकुडताही येत नाही, कारण कुडकुडून अंगात ऊब निर्माण करायची सोय त्याच्या शरीरात अजून झालेली नसते. वास मात्र येतो, आणि उबेची दिशा कळते. डोकं डावी-उजवीकडे हलवत, पोटावर सरपटत ते आईच्या पोटाशी पोचतं. आई उठून गेली की पाठीमागे उरते ती फक्त भावंडांची ऊब.

लोकांना दया येते ती इथेच, आणि बहुतेक वेळा ती बशीभर गाईच्या दुधाच्या रूपात येते. पिल्लू गार पडलेलं असतं, कण्हत असतं, म्हणून ते भुकेलं आहे असं वाटतं. पण गार पिल्लाचं आतडं काम करायचं थांबतं. पोटात गेलेलं दूध पचत नाही, फुगतं आणि बऱ्याचदा उलटून श्वासनलिकेत जातं. म्हणून आधी ऊब, मग दूध. स्वतःच्या पोटाशी, स्वेटरच्या आत धरून तासा-दोन तासांत हळूहळू त्याला गरम करायचं. एकदम हीटरसमोर ठेवायचं नाही. तोंडात बोट घालून पाहावं: तोंड आतून कोमट लागलं आणि बोट ओढल्यासारखं झालं, की मगच दूध.

नाशिकमध्ये खोक्यांची वाण नाही. द्राक्षाच्या हंगामात तर पुठ्ठ्याच्या पेट्या कुठेही मिळतात. पण एका बाळंतिणीला आणि तिच्या पाच-सहा पिल्लांना त्या लहान पडतात. आम्ही फ्रिजचा खोका आडवा करून वापरतो. खाली वर्तमानपत्रांचा जाड थर, त्यावर जुनी गोधडी, त्यावर रोज बदलता येईल असं सुती लुगडं. लुगडं घट्ट खोचावं लागतं, कारण सैल चुणीत शिरलेलं पिल्लू आईच्या अंगाखाली चेंगरतं. दाराची बाजू एवढीच उंच ठेवायची, की आई सहज ओलांडेल आणि पिल्लू ओलांडणार नाही. वरून साठ वॉटचा पिवळा बल्ब सोडायचा. एलईडीचा नुसता उजेड पडतो, ऊब येत नाही, त्यामुळे हा जुना बल्ब इलेक्ट्रिकच्या दुकानात आवर्जून मागावा लागतो. तो मधोमध नको, एका कोपऱ्यावर हवा. उकडलं तर पिल्लांना बाजूला सरकायला जागा पाहिजे.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जागी तीस अंशांच्या आसपास ऊब लागते. थर्मामीटर ठेवतोच, पण खरी खूण पिल्लांच्या पडण्यात असते. एकावर एक ढीग करून पडली तर गारठली आहेत. बल्बपासून लांब, पाय पसरून धापत पडली तर उकडतंय. शेजारी शेजारी, एकमेकांना जेमतेम टेकून झोपली तर सगळं ठीक. झोपेत ती सतत दचकतात, पाय झाडतात, ओठ हलवतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की आकडी आली. ते निरोगी पिल्लाचं लक्षण आहे. मला काळजी वाटते ती अजिबात न हलणाऱ्या पिल्लाची आणि एकटंच बाजूला पडून एका सुरात रडणाऱ्याची.

आई असेल तर आपलं निम्मं काम आईला जेवू घालण्याचं. आमच्या लहानपणी गल्लीतली कुत्री व्याली की मुलं घरोघर फिरून पीठ, गूळ, तेल गोळा करायची आणि तिच्यासाठी शिरा रांधायची. बाळंतिणीला पहिलं खायला घालायचं, ही त्या पोरांची समज पक्की होती. शिऱ्याने तिला ताकद येते, पण दूध टिकवायला प्रथिनं लागतात. चिकनच्या दुकानातली कातडी आणि उरलंसुरलं मांस भातात शिजवून, हाडं वेचून काढून, वर उकडलेलं अंडं कुस्करून आम्ही देतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिची भूक नेहमीच्या दुप्पट-तिप्पट होते. पाण्याचं भांडं खोक्याजवळच ठेवायचं, म्हणजे तहानेसाठी तिला पिल्लं सोडून लांब जावं लागत नाही. पहिल्या दिवसाचा चीक प्रत्येकाच्या पोटात गेला का, हेही पाहावं लागतं. त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात शिरतात ती जवळपास त्या पहिल्या दिवसातच. अशक्त पिल्लाला उचलून मागच्या आचळाशी लावायचं, कारण तिथे दूध जास्त असतं आणि धष्टपुष्ट भावंडं ती जागा सोडत नाहीत. हे तिच्या ओळखीच्या माणसानेच करावं. रोज नवी माणसं डोकावू लागली की ती एका रात्रीत सगळी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि ती दुसरी जागा बहुधा जास्त गार असते.

एकदा मुंबई-आग्रा महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर एका वेताची आई गाडीखाली गेली, तेव्हा मात्र दोन पिल्लं पूर्णपणे आमच्या हातांवर आली. गाईचं दूध त्यांना पुरत नाही. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीच्या घरात असतात, लॅक्टोज मात्र कमी. लहान बाळाला देतात तसं पाणी घालून पातळ केलं तर पिल्लू पोटभर पिऊनही उपाशी राहतं, वर हगवण लागते. जनावरांच्या औषधांच्या दुकानात पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, ती आणली. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. आम्ही पाळ्या लावल्या: मध्यरात्रीची कॉलेजातल्या मुलांची, पहाटेची शेजारच्या काकूंची, कारण त्या काकडआरतीसाठी उठतातच.

पाजताना पिल्लू पालथंच हवं, आईच्या पोटाशी असतं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुफ्फुसात जातं आणि दोन दिवसांत न्यूमोनिया होतो. टॉवेलवर त्याला पोटावर ठेवून बाटलीचं बूच ओठाला लावलं की ते आधी नाक घासतं, मग जीभ पन्हळीसारखी वळवून बुचाखाली घालतं आणि ओढू लागतं. ओढताना पुढचे दोन्ही पाय आळीपाळीने टॉवेल दाबत राहतात; आईचं आचळ असंच दाबलं की दूध उतरतं. कान मागेपुढे हलू लागले की गिळणं नीट चालू आहे. पिऊन झालं तरी काम संपत नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने शेपटीखाली हलकेच पुसत राहायचं, तेव्हा ते लघवी करतं. आई हे जिभेने करते. त्याशिवाय पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लाला शी-शू स्वतःहून करता येत नाही, आणि नुसतं दूध पाजून जगवायला निघालेल्या घरांत पिल्लं दगावतात ती बऱ्याचदा हे ठाऊक नसल्यामुळे.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज एकाच वेळी वजन करतो. आठ-दहा दिवसांत जन्मवेळचं वजन दुप्पट व्हायला हवं. पहिला दिवस सोडला, तर पुढे एक ग्रॅमही घटलं तरी डॉक्टरांना फोन.

कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने पश्चिम बंगालमधल्या भटक्या कुत्र्यांची ९५ वेतं, म्हणजे ३६४ पिल्लं, पाहिली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वयात येईपर्यंत जगली ती जेमतेम १९ टक्के. मेलेल्यांपैकी ६३ टक्क्यांच्या मृत्यूला माणूस कारणीभूत होता: गाड्या, मारहाण, विष आणि पिल्लं उचलून नेणं. हे शेवटचं मला सर्वात जास्त टोचतं. तीन आठवड्यांचं गोंडस पिल्लू आईपासून उचलून मुलांसाठी घरी नेणारा माणूस स्वतःला प्राणिप्रेमीच समजतो.

दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान डोळे उघडतात, आधी निळसर आणि धूसर. मग कान. तिसऱ्या आठवड्यात सगळं एकदम बदलतं. पाय सावरतात, सुईसारखे दात येतात, पहिलं भुंकणं निघतं आणि भुंकणारा स्वतःच दचकतो. माणसाच्या सवयीचा काळ इथून सुरू होतो आणि साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत चालतो. या दिवसांत ज्याने मिक्सरचा आवाज, झाडूवाल्या मावशी, शाळेची मुलं पाहिली, तो मोठेपणी त्यांच्यावर धावून जात नाही. म्हणून आता दार उघडं. मुलांना जमिनीवर बसवून पिल्लं मांडीवर द्यायची, उभ्याने उचलू द्यायची नाहीत. याच सुमारास आई बाहेर खाऊन येते आणि पिल्लांपुढे अर्धवट पचलेला भात ओकते. ती आजारी नसते, पिल्लांना घास भरवत असते. ते पुसायची घाई करू नये.

दोन आठवडे झाले की जंताचं औषध, मग दर पंधरा दिवसांनी, कारण गोल जंत गर्भातूनच आणि दुधातून पिल्लात येतात. ढेरी फुगलेलं पिल्लू खातंपितं नसतं, जंतांनी भरलेलं असतं. सहा आठवड्यांपासून पार्वो-डिस्टेंपरची लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांचं होईपर्यंत. तीन महिन्यांनंतर रेबीजची. पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. ज्या जागी आधीचं वेत रक्ताची हगवण लागून गेलं, तिथे नवी पिल्लं ठेवायची नाहीत आणि बाहेरून आलेल्याने चपला काढल्याशिवाय खोक्याजवळ जायचं नाही, हा आमचा नियम आहे.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू कुणाला देत नाही. पिल्लू मागायला येणाऱ्याला आधी विचारतो: गावाला गेलात तर कोण बघणार? सोबत लसीचं कार्ड आणि चार दिवसांचं ओळखीचं खाणं देतो. माद्यांना घरं मिळणं अवघड जातं. लोक नरच मागतात, म्हणून माद्यांच्या बाबतीत नसबंदीचा खर्च वर्गणीतून करण्याचं आम्ही आधीच सांगून टाकतो.

आणि आई. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची आणि लसीकरणाची व्यवस्था २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थेवर येते. पिल्लं सुटी झाली, दूध आटलं की लगेच आम्ही तिचं नाव नोंदवतो, कारण ती वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं, पकडायला येणाऱ्यांबरोबर तिच्या ओळखीचं कुणीतरी जायचं, परत आल्यावर टाके भरेपर्यंत कोरड्या जागी बांधायचं. कानाला खाच असली की ती नसबंदीसाठी पुन्हा पकडली जात नाही. रेबीजची सुई मात्र दरवर्षी, आणि ती तारीख आमच्या सोसायटीच्या फळ्यावर पाण्याच्या टाकीच्या सफाईखाली लिहिलेली असते.