जिवंतपणीचे नॉमिनेशन

मराठी कुटुंब एका छपराखाली राहते, ही समजूत आपण फार प्रेमाने जपलेली आहे. प्रत्यक्षात गेली शंभर-सव्वाशे वर्षे ते तसे राहत नाही. मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या तेव्हापासून कोकणी माणसाचे एक बिऱ्हाड परळ-लालबागच्या खोलीत आणि दुसरे रत्नागिरीच्या एखाद्या वाडीत. इकडे तो, तिकडे बायको-मुले आणि म्हातारी आई. पुढे घाटावरचा माणूस माथाडी होऊन आला, बीडचा माणूस उसाच्या फडावर गेला, पुण्याच्या पेठेतला हुशार मुलगा अमेरिकेला गेला. अंतरे वाढली, संसाराची मांडणी तीच राहिली. ज्यातली सगळी माणसे रात्री एकाच कुलपाच्या आत झोपतात, असे घर आज शोधावे लागेल.

असे विखुरलेले कुटुंब कशाने एकत्र राहते? पैशाने, असे आम्हा बँकवाल्यांना वाटायचे, कारण आमच्या खिडकीतून तेवढेच दिसायचे. नोकरीची बरीच वर्षे ग्रामीण शाखांत काढल्यावर माझ्या लक्षात आले, की पैसा ही दुय्यम गोष्ट आहे. विखुरलेले घर एका वाक्यावर उभे असते : ‘काही लागलं तर कळवा, लगेच निघतो.’ हे वाक्य म्हणजे एक हमीपत्रच. त्याला तारण म्हणून एसटीची रातराणी असते, कोकणकन्या असते, आणि फारच लांबचा मामला असेल तर विमानाचे महागडे तिकीट असते. हमीपत्र क्वचितच वापरावे लागते. पण ते ट्रंकेच्या तळाशी आहे, एवढ्या भरवशावर गावातली आई एकटी झोपते आणि शहरातला मुलगा कामावर जातो.

मार्च २०२० मध्ये हे हमीपत्र वटेनासे झाले. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि त्याच दिवशी रेल्वेने प्रवासी गाड्या थांबवल्या. मुंबईची लोकलही थांबली. परदेशातून येणारी विमाने बंद झाली. २३ तारखेला राज्यात संचारबंदी आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद. २४ तारखेच्या रात्री आठ वाजता देशभरच्या टाळेबंदीची घोषणा झाली आणि चार तासांनी ती अमलातही आली. जिल्ह्याची हद्द ही तोवर महसूल खात्याच्या आणि पालकमंत्र्यांच्या कामाची गोष्ट होती. पुण्याहून साताऱ्याला जाणाऱ्याला ती नीरा नदीच्या पुलावर कधी ओलांडली, हे कळतही नसे. आता त्या पुलावर पोलिसांचे बॅरिकेड आले. दोन-अडीच तासांच्या अंतरावरची आई आणि मेलबर्नचा मुलगा, दोघेही एकदम सारखेच लांब झाले.

पुढे ई-पास आला. अर्जात प्रवासाचे कारण लिहावे लागे. वैद्यकीय निकड, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू अशी कारणे चालत. पण ‘आई एकटी आहे आणि दोन दिवस फोनवर तिचा आवाज बरा वाटत नाही’ हे कारण कोणत्या रकान्यात बसवायचे? कुटुंबातली निम्मी ये-जा अशाच कारणांवर चालते. माणूस आजारी पडल्यावर जाणे ही डॉक्टरची रीत झाली. घरचा माणूस त्याच्या आधी जातो. २ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ही ई-पासची अट उठली, तोवर पाच महिने निघून गेले होते. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत ती पुन्हा आली.

ज्यांच्याजवळ अर्ज भरायला मोबाइल नव्हता आणि शहरात थांबायला भाकरी नव्हती, ते चालत निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशातले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. ते जालन्याहून निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र आपण सर्वांनी वर्तमानपत्रात पाहिले आहे. त्या माणसांना कोणी मजूर म्हटले, कोणी स्थलांतरित म्हटले. घरी जायला निघालेले मुलगे, नवरे आणि बाप एवढीच त्यांची खरी ओळख होती.

अंतर ही या गोष्टीची एक बाजू. दुसरी बाजू याहून अवघड होती. मे २०२० च्या केंद्र सरकारच्या आदेशात ६५ वर्षांवरील व्यक्ती, जुनी दुखणी असणारे, गरोदर स्त्रिया आणि दहा वर्षांखालील मुले यांनी घरातच थांबावे, असे म्हटले होते. वैद्यकीयदृष्ट्या वृद्धांचा धोका खराच मोठा होता. आजोबा आणि नातू आदेशाच्या एकाच ओळीत बसले. बऱ्याच ठिकाणी फक्त एका घरात नव्हते. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाणे हा अर्धा औषधोपचार समजला जातो. या साथीने तोच उलटा केला. जो भेटायला येईल, त्याच्याचकडून धोका. माया असेल तर येऊ नकोस, असे आईला मुलाला सांगावे लागले. मुलाला ते पटले, तरी मनाला पटले नाही.

याचा सर्वांत स्पष्ट अनुभव २०२० च्या गणपतीत कोकणाने घेतला. चतुर्थी २२ ऑगस्टला होती. चाकरमान्यांनी गावी पोचून दहा दिवस विलगीकरणात काढायचे होते. ज्याच्या वाटेकडे गाव वर्षभर डोळे लावून बसते, त्याच्यासाठी काही ठिकाणी वेशीवर बांबू आडवे पडले. मुंबईकर दुखावले. मला मात्र गावाचीही बाजू समजत होती. तिथे उरलेली माणसे कोण? बहुतेक म्हातारी. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र आठ-दहा किलोमीटरवर आणि व्हेंटिलेटर जिल्ह्याच्या गावी. मुलगा हवा होता आणि मुलाची भीतीही वाटत होती. या दोन्ही गोष्टी एकाच म्हातारीच्या मनात एकाच वेळी होत्या. त्या वर्षी आषाढीला संतांच्या पादुकाही एसटीतून पंढरपूरला गेल्या आणि वारकरी घरी राहिले. देवाच्या बाबतीत आपण तेवढी समजूत घातली, ‘विठ्ठल सगळीकडे आहे’ म्हटले. आई मात्र सगळीकडे नसते. ती एका ठरावीक घरात, एका ठरावीक खाटेवर असते.

परदेशातल्या कुटुंबांना आणखी एक शोध लागला. ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या आपली नसते, ती सरकारची असते. भारताबाहेर जन्मलेल्या मुलांच्या ओसीआय कार्डाला लोक आजन्म व्हिसा समजत होते. १३ मार्च २०२० पासून त्यावरचा प्रवास स्थगित झाला. ७ मे पासून परत आणणारी खास विमाने सुरू झाली, तेव्हा आईबापांचे पासपोर्ट भारतीय म्हणून ते चालत होते आणि तान्ह्या मुलाचे कार्ड चालत नव्हते. २२ मे रोजी अशी मुले आणि घरातल्या मृत्यूसारख्या प्रसंगी येणारे लोक यांच्यासाठी सवलत मिळाली. ऑस्ट्रेलियाने २० मार्च २०२० रोजी सीमा बंद केली. तिथल्या नियमांत जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले ‘निकटचे कुटुंब’ होती. आईवडील त्यात नव्हते. ते नोव्हेंबर २०२१ मध्ये आले. म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ तिथल्या कायद्याच्या नजरेत आपली आई ही निकटची नातेवाईक नव्हती.

हसू नये, कारण आपलेही नियम फारसे वेगळे नव्हते. टाळेबंदीचे ‘कुटुंब’ म्हणजे रेशनकार्डाचे कुटुंब : एका दाराआड राहतील तेवढे. दोन गल्ल्या पलीकडे राहून रोज आईला डबा देणारी लेक त्यात बसत नव्हती. तिच्या आईसाठी ती एक ‘बाहेरची व्यक्ती’ होती.

साथीचे नियम नसावेत, असे मी म्हणत नाही. ज्या घरांनी नियम मोडून बारशी-बारावी केली, त्यातल्या काहींनी त्याची किंमत मोजली आहे. पण नियमांचा हा अंधपणा आजचा नाही. २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जो साथरोग कायदा लागू केला, तो मूळचा १८९७ चा, प्लेगच्या काळातला. तेव्हा पुण्यात घरांची झडती घेऊन रोग्यांना छावणीत नेत. तो कायदा माणसाकडे पाहताना एवढेच विचारत होता : रोगी की निरोगी? हा कोणाचा कोण, हा प्रश्न त्याच्या कक्षेत नव्हता. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्यांनी ज्यांना हात लावला, ते त्यांच्या रेशनकार्डावर नव्हते.

टाळेबंदीत बँका चालू होत्या. एप्रिल २०२० मध्ये जनधन खात्यांतल्या स्त्रियांना महिना पाचशे रुपये मिळू लागले. गर्दी नको म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यानुसार दिवस वाटून दिलेले होते. माझे तरुण सहकारी मास्क लावून काउंटरवर बसत, फोनवर हकिकती सांगत. त्यातली एक गोष्ट मनात राहिली. शहरातला मुलगा मोबाइलवरून क्षणात आईच्या खात्यात पैसे टाकतो. ते काढून तिच्या हातात ठेवायला आणि त्याचे तांदूळ आणून द्यायला मात्र माणूसच लागतो. जुन्या मनिऑर्डरीबरोबर पोस्टमन येत असे. तो पैसे मोजून देई, चार ओळी वाचून दाखवी आणि म्हातारी खंगली आहे हे जाताना पाहून जाई. पैशाचा वेग वाढला, त्याबरोबर येणारा माणूस मात्र गळाला.

माझा एक जुना सहकारी, हेड कॅशियर होता, सांगलीकडे राहतो. एप्रिल २०२१ मध्ये त्याची बायको हॉस्पिटलात गेली. आत कोणाला सोडत नव्हते. मुलगा मेलबर्नला. शेजारच्या मेडिकल दुकानातला पोरगा रोज दारात डबा ठेवत होता आणि हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जाऊन निरोप आणत होता. बाई गेल्या. अंत्यदर्शन मुलाने त्या पोराच्या मोबाइलवर घेतले, तेही अर्धवट, कारण मध्येच रेंज गेली. पुढे काही महिन्यांनी मी भेटायला गेलो, तेव्हा हा गृहस्थ मला म्हणाला, “माझ्यामागे पैसे कोणाला द्यायचे, ते मी प्रत्येक खात्यावर लिहून ठेवलंय. जिवंतपणी मला पाणी कोणी द्यायचं, ते कुठे लिहायचं?”

आयुष्यभर नॉमिनेशनचे फॉर्म भरून घेतलेल्या माणसाचा हा प्रश्न होता. बँकेतल्या ठेवीला नॉमिनी ठेवण्याची सोय कायद्याने आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. मेल्यावर पैसे घ्यायला चार माणसे, आणि हयातीत हाक मारायला एकाचीही नोंद नाही!

हे अशक्य आहे असे नाही. इंग्लंडने १३ जून २०२० पासून एकट्या राहणाऱ्या प्रौढाच्या घराला दुसऱ्या एका घराशी जोडून घेण्याची मुभा दिली. ती दोन घरे नियमापुरती एक घर. पुढे २०२१ मध्ये तिथल्या वृद्धाश्रमांत प्रत्येक रहिवाशाला सेवेसाठी आपला एक माणूस ठरवता येऊ लागला. आपल्याकडेही नियम वाकू शकतो, हे आपण पाहिले आहे. दर नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२० मध्ये केंद्राच्या पेन्शनरांसाठी ती मुदत डिसेंबरअखेरपर्यंत आणि मग २८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत वाढवली गेली, पोस्टमन दारात येऊन दाखला घेऊ लागला. पेन्शनीसाठी जे सुचले, ते पेन्शनरासाठीही सुचायला हरकत नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक वृद्ध वा आजारी माणसाने ग्रामपंचायतीत किंवा वॉर्ड ऑफिसात आपल्या माणसाचे एक नाव, फार तर दोन, नोंदवून ठेवावीत. साथ येवो, पूर येवो, संचारबंदी होवो, त्या नावाला पास आपोआप मिळावा. हॉस्पिटलात योग्य ती काळजी घेऊन त्या एकाला आत सोडावे. नाव मुलाचेच असावे असे नाही. शेजारीण असेल, पुतण्या असेल, मेडिकलमधला पोरगा असेल. यातून इस्टेटीची भांडणे होतील, अशी शंका येईल. तिचे उत्तर बँकेच्याच नियमात आहे. नॉमिनी हा पैशाचा मालक नसतो, तो खऱ्या वारसांच्या वतीने विश्वस्त असतो. इथे तर पैशाचाही संबंध नाही. नाव लिहून मिळते ते फक्त काम.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्याला आता बराच काळ लोटला. पण ज्यांना आईचा हात शेवटचा हातात घेता आला नाही, त्यांच्या घरात ती गोष्ट संपलेली नाही. लग्नकार्यात, दिवाळीच्या फराळात कोणीतरी मध्येच गप्प होतो. ते राहिलेले आता भरून येणार नाही. पुढच्यासाठी तजवीज करणे तेवढे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आज रविवार आहे. लांबची माणसे दुपारी जेवणानंतर फोन करतील. तब्येत, पाऊसपाणी झाले, की विचारून पाहावे : घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे? रक्तदाबाची गोळी कोणती, हे आणखी कोणाला ठाऊक आहे? रात्री दोन वाजता दार वाजवायचे, तर शेजारी कोणाचे? विषय अभद्र वाटेल. पलीकडून “कशाला नको त्या गोष्टी काढतोस?” असेही येईल. तरी विचारावे, आणि जे नाव सांगतील ते लिहून घेऊन त्या माणसालाही एक फोन करावा.