कान वाहतोय? थांबू नका, आतली तीन इवलीशी हाडं झिजू शकतात

गोंदिया : "पोराचा कान फुटला, मोठा झाला की आपोआप बरा होईल," असं आपल्याकडे बऱ्याच घरी म्हणतात. सर्दी झाली, बोडीत पोहणं झालं की कान पुन्हा वाहायला लागतो. मग कोमट तेलाचे चार थेंब टाकले की झालं! पण वारंवार वाहणाऱ्या कानात आत काय बिघडतं, हे पालकांनी समजून घ्यायला हवं.

कानात हाडं कुठली?

कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते. तिथे तीन हाडं एकमेकांना जोडलेली असतात. आकारावरून त्यांची नावं पडली : हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब म्हणजे घोड्यावर बसणारा पाय ठेवतो ती कडी. हे शरीरातलं सर्वात लहान हाड. उंची जेमतेम ३ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या अर्ध्याएवढी.

त्यांचं काम काय?

आवाज हवेतून येतो, पण ऐकण्याचा खरा अवयव म्हणजे आतला शंख. तो पाण्यासारख्या द्रवाने भरलेला असतो. हवेतला आवाज पाण्यावर आदळला की बहुतेक सगळा माघारी फिरतो. तलावात बुडी मारल्यावर काठावरची हाक नीट ऐकू येत नाही, ती याच कारणाने.

ही अडचण तीन हाडं सोडवतात. पडदा मोठा आणि रिकीब टेकते ती खिडकी त्याच्या सुमारे १७ पट लहान. अंगठ्याचा जोर टाचणीच्या टोकावर एकवटतो, तसा पडद्यावरचा दाब त्या खिडकीवर एकवटतो. शिवाय हाडं पहारेसारखी तरफ लावतात. दोन्ही मिळून दाब सुमारे २२ पट वाढतो.

बिघाड कसा होतो?

नाकाच्या मागून कानाकडे एक नळी जाते. लहान मुलांमध्ये ती आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दीचा संसर्ग लवकर कानात पोचतो. पू साचून पडद्याला छिद्र पडतं. हे वर्षानुवर्षं चाललं तर हाडं झिजतात. बहुतेक वेळा ऐरणीचं बारीक टोक आधी जातं आणि साखळी तुटते. मग ऐकू येणं ६० डेसिबलपर्यंत कमी होऊ शकतं. समोरच्याचं साधं बोलणंही तेवढ्याच आवाजाचं असतं! शाळेत मात्र त्याच पोराला "लक्ष देत नाही" म्हणून बोलणी बसतात.

दुरुस्ती होते का?

होते. पडद्याला ठिगळ लावता येतं, हाडांची साखळीही शस्त्रक्रियेने जोडता येते. त्यासाठी रुग्णाचंच हाड, कूर्चा किंवा टायटॅनियमचा तुकडा वापरतात. राईस मिलच्या सततच्या आवाजाने येणारा बहिरेपणा वेगळा. त्यात शंखातल्या नाजूक पेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत. तिथे काम करणाऱ्यांनी कानाला संरक्षण लावलंच पाहिजे.

हे लक्षात ठेवा

- वाहत्या कानात तेल, पाल्याचा रस, काडी, पिन काहीच घालू नका.
- आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापूस कानात ठेवा. कान बरा होईपर्यंत पोहणं बंद.
- कान दोन आठवड्यांहून जास्त वाहिला, घाण वास आला किंवा ऐकू कमी आलं तर कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा.
- कानामागे सूज, तोंड वाकडं होणं, चक्कर, ताप आणि जोराची डोकेदुखी यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडी आणि शाळेत येतं, तेव्हा कान वाहत असल्याचं आवर्जून सांगा. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात मोफत होते. पुढच्या उपचारासाठी गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दुखत नाही म्हणून कान बरा आहे, असं समजू नका. हाडं बहुतेकदा न दुखताच झिजतात.